वंगण संपलेलं नाही

वाळवा तालुक्यातल्या एका बाजारगावी एसटी स्टँडसमोर एक दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी सकाळी साडेनऊलाच तिथली बाकडी भरतात, कारण माणसं भाजीपाला घेण्याआधी डॉक्टरांना दाखवून मोकळी होतात. मी तिथे दोन बाजार कोपऱ्यात बसून होतो. पहिल्या बाजारी अकराव्या नंबरला पासष्टीच्या घरातल्या एक बाई आत आल्या. अंगावर नऊवारी, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारं एक्स-रेचं भलंमोठं पाकीट. खुर्चीच्या हातांना धरून टेकता टेकताच त्या म्हणाल्या, "डाक्टर, वंगण संपलंय म्हणत्यात. गुडघ्यात गॅप पडलाय. आता काय ऱ्हायलं न्हाई बगा."

"कोण म्हणतंय, मावशी?"

"समदीच म्हणत्यात. फोटू काढला तिथला पोरगा म्हणला, शेजारीण म्हणली, जावईबी म्हणलं."

डॉक्टरांनी पाकीट घेतलं आणि न उघडता टेबलाच्या कडेला ठेवलं. "फोटो मागनं बघू. आधी मला सांगा, सकाळी उठल्यावर गुडघा किती वेळ आखडलेला असतो? चहा होईस्तोवर, का पार भाकऱ्या होईस्तोवर?"

"चा व्हईस्तवरच. दोन पावलं टाकली की मोकळा हुतो."

अर्धं निदान त्या एका उत्तरात झालं होतं. वय पंचेचाळिशीच्या पुढं, चालल्या-उठल्यावर दुखणारा सांधा, आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होणारा. एवढं जुळलं तर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणायला एक्स-रे लागत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी 2022 साली आलेली मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. ताठरपणा भाकऱ्या होऊन गेल्यावरही सुटत नसेल, बोटांचे बारके सांधे सुजत असतील, अंगात कणकण असेल, तर गोष्ट वेगळी. तो आमवात असू शकतो आणि त्याला वेगळी औषधं, तीही लवकर, लागतात. गावात मात्र दोन्हींना एकच नाव: वात. त्यामुळे चहा आणि भाकरीतला हा फरक विचारणारा डॉक्टर पहिल्याच पायरीवर भेटणं फार मोलाचं आहे.

या प्रकरणात मला बोलायचं आहे ते 'झीज' या शब्दाबद्दल. ऑस्टिओआर्थ्रायटिसला मराठीत आपण सहज 'सांध्याची झीज' म्हणतो. विळा झिजतो, पाटा-वरवंटा झिजतो, चपलेची टाच झिजते. झिजलेली वस्तू जपून वापरायची, शक्यतो वापरायचीच नाही, हे आपल्या हाडीमासी मुरलेलं शहाणपण आहे. म्हणून गुडघा झिजला असं ऐकलं की बाई चालणं सोडते, पायऱ्या सोडते, रानात जाणं सोडते. सहा महिन्यांत मांडीचा स्नायू वितळतो आणि गुडघा आणखी दुखतो. शब्दानं केलेलं हे नुकसान मी इतक्या घरांत पाहिलं आहे की तो शब्दच बदलावा असं मला मनापासून वाटतं.

कारण गुडघा हा विळा नाही. हाडांच्या टोकांवरची कूर्चा जिवंत असते. तिला रक्तवाहिन्या नसतात. तिचं अन्नपाणी सांध्यातल्या पातळ द्रवातून येतं, आणि तो द्रव कूर्चेत शिरतो-निघतो तो दाब पडल्यानं आणि सुटल्यानं, पाण्यात दाबून सोडलेल्या स्पंजासारखा. म्हणजे चालणं हेच तिचं जेवण. या आजारात कूर्चा पातळ होते हे खरं, पण तेवढंच होत नाही. तिच्या खालचं हाड घट्ट होतं, कडेनं हाडाचे कोंब फुटतात, सांध्याचं अस्तर अधूनमधून सुजतं, भोवतीचे स्नायू अशक्त होतात. सबंध सांधा डागडुजी करत असतो आणि ती डागडुजी पुरी पडत नाही. कूर्चेला तर मज्जातंतूही नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखतच नाही. दुखतं ते अस्तर, हाड आणि भोवतीचं आवरण. आणि ज्याला लोक वंगण म्हणतात तो द्रव संपत नाही. उलट गुडघा सुजतो तेव्हा तो जास्तच झालेला असतो.

हा आजार किती जणांना आहे, याचं आपल्या मातीतलं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर, उजनीच्या पाणफुगवट्याकाठी भिगवण आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला माणसं तिथे जातात. 1996 साली पुण्याचे सांधेविकारतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी तिथे घरोघर पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि सांधेविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी मिळून आखलेल्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाचा तो भाग होता. पद्धत साधी होती. प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते घरी जात, माणसाच्या आकृतीचा कागद पुढं करत आणि कुठं कुठं दुखतं त्यावर खुणा करून घेत. ज्यांना दुखत होतं त्यांना नंतर डॉक्टर तपासत. चार हजारांवर प्रौढ माणसांची अशी नोंद झाली. हाडं, सांधे किंवा स्नायू दुखतात असं सांगणारे शंभरात अठरा निघाले. ऑस्टिओआर्थ्रायटिस जवळपास सहा टक्क्यांना होता, आमवात अर्ध्या टक्क्याला. म्हणजे ज्या आमवाताची सगळ्यांना धास्ती, त्याच्यापेक्षा हा साधा गुडघ्याचा आजार दहापटीहून जास्त.

भिगवणचं प्रमाण सातारा-सांगलीला लावून पाहू. 2011 च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या तीस लाख आणि सांगलीची सव्वाअठ्ठावीस लाख होती. त्यातले दोन तृतीयांश प्रौढ धरले तरी दोन्ही जिल्ह्यांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं होतात. ही बोटांवरची आकडेमोड आहे, आणि खरा आकडा यापेक्षा मोठाच असणार. सातारा हा म्हाताऱ्या माणसांचा जिल्हा आहे. पिढ्यान्‌पिढ्या तरणी पोरं मुंबईला गेली, गिरण्यांत गेली, पलटणीत गेली, आणि मागं घर, रान अन्‌ जनावरं सांभाळायला आया-आज्या राहिल्या. गुडघ्याचा हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, पाळी गेल्यानंतर तर अधिकच. गावात कोण उरलंय ते पाहिलं की दवाखान्याची बाकडी कुणी भरलेली असतात ते कळतं.

दुसरी एक मोठी पाहणी 2016 साली प्रसिद्ध झाली. पुणे, आग्रा, बेंगळुरू, कोलकाता आणि देहरादून या पाच भागांत, शहरं आणि खेडी दोन्ही धरून ती केली होती. त्यात गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचं प्रमाण 28.7 टक्के निघालं. भिगवणचे सहा कुठं आणि हे अठ्ठावीस कुठं? पहिल्या पाहणीत सगळ्या वयाचे प्रौढ होते आणि सुरुवात दुखण्यापासून होती. दुसरीत वयस्कर माणसं होती आणि एक्स-रेवरचे बदल मोजले होते. एक्स-रेत दिसणारं आणि माणसाला दुखणारं हे दोन वेगळे प्रांत आहेत, त्यामुळे आकडा ऐकताना मोजला कसा ते विचारावं. देशभराचा अंदाज सांगायचा तर 1990 साली भारतात सुमारे 2 कोटी 35 लाख लोकांना हा आजार होता, 2019 पर्यंत ते 6 कोटी 23 लाखांवर गेले. साऱ्या जगात त्या वर्षी हा आकडा 52 कोटी 80 लाख होता.

एक्स-रेच्या पाकिटावर 'थर्ड ग्रेड' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि ते वाचून घरात सुतक आल्यासारखं होतं. ही प्रतवारी जोनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स या दोघा इंग्रज डॉक्टरांनी 1957 साली बसवली. शून्य ते चार अशा पायऱ्या. पाहणी करताना सगळ्यांनी एकाच मापानं मोजावं, ही त्यामागची गरज. चौथ्या पायरीचा गुडघा घेऊन जत्रेचा डोंगर चढणारी माणसं आहेत आणि पहिल्या पायरीचा गुडघा घेऊन रात्र रात्र कण्हणारीही आहेत. 'गॅप' म्हणजे दोन हाडांमधली जागा. ती कमी होते तेव्हा आपण 'गॅप पडला' म्हणतो, म्हणजे नेमकं उलट बोलतो. डॉक्टरांनी त्या मावशींचा फोटो शेवटी प्रकाशापुढं धरला खरा, पण तो त्यांचा मान राखायला. पदरचे पैसे घालून काढलेला होता.

याच केलग्रेन-लॉरेन्स जोडीनं त्याआधी, 1950 च्या सुमारास, इंग्लंडमधल्या कोळसा खाणकामगारांचे सांधे तपासले होते. बुटक्या बोगद्यांत गुडघ्यांवर रांगत काम करणारी ती माणसं. त्यांचे गुडघे इतरांपेक्षा जास्त खराब निघाले. चीनमध्ये बीजिंगला झालेल्या अभ्यासात तरुणपणी रोज कैक तास उकिडवं बसलेल्यांमध्ये गुडघ्याचा हा आजार जास्त आढळला, आणि खुब्याचा मात्र अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या मानानं फारच कमी. आपल्याकडेही चित्र असंच, गुडघे भरपूर आणि खुबे क्वचित. आता कऱ्हाड, वाळवा, पलूस, तासगावच्या रानात बघा. भांगलण म्हणजे दिवसभर उकिडवं बसून, खुरपं चालवत, बसल्या बसल्या पुढं सरकणं. ऊस असो, हळद असो, सोयाबीन असो, गुडघा पुरा मुडपलेलाच. त्यावर घरची चूल, धुणं, आणि माण-खटावच्या बायकांनी उन्हाळ्याउन्हाळ्यात डोक्यावरून वाहिलेलं पाणी. गुडघा पुरा दुमडून वजन तोलताना त्याच्यावर येणारा दाब साध्या चालण्यातल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. या बायकांनी गुडघे कष्टानं कमावलेत, आणि त्यांच्या दुखण्याला 'वय झालं' एवढ्या दोन शब्दांत वाटेला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

कुस्तीचाही इथे उल्लेख हवा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले, आणि कुंडलचं मैदान आजही भरतं. तरुणपणी गुडघ्यातली गादी किंवा दोरी फाटली तर वीसेक वर्षांनी त्याच गुडघ्यात हा आजार येण्याचा धोका पुष्कळ वाढतो. पन्नाशीचा जुना पैलवान लंगडत आला की डॉक्टर पहिलं विचारतात, आखाड्यात मार कधी लागला होता.

दवाखान्यातल्या त्या सकाळीकडे परत जाऊ. डॉक्टरांनी मावशींना टेबलावर आडवं केलं. दोन्ही मांड्यांचा घेर टेपनं मोजला, उजवी दोन सेंटिमीटर बारीक. गुडघ्यावर तळहात ठेवून पाय हळूहळू दुमडला, कटकट हाताला लागली. उलट्या हातानं दोन्ही गुडघ्यांची ऊब ताडून पाहिली. गुडघा अचानक लालबुंद आणि गरम झाला असेल तर प्रकरण तातडीचं, तिथे पू किंवा गाऊट असू शकतो. खुबा फिरवून पाहिला, कारण खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं आणि गुडघ्याचे फोटो काढत बसलं तर ते सापडत नाही. कधी ताप येऊन सगळेच सांधे धरले होते का, हे विचारलं. 2006 च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर महाराष्ट्रात असे सांधे घेऊन फिरणारी माणसं पुष्कळ होती. मग रक्तदाब, आणि रोज चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी. एवढं सगळं सात-आठ मिनिटांत झालं. 'वाताच्या टेस्ट' एकही लिहिली नाही. मावशींना ते जरा खटकलं.

"औषध देनार का न्हाई मग?"

"देतो की. पण पहिलं औषध तुमच्याच मांडीत आहे."

त्यांनी टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवली आणि ती खाली दाबायला सांगितली. मांडीचा स्नायू ताठ झाला. मनात दहा आकडे मोजायचे, सोडायचं, परत दाबायचं. दहा वेळा सकाळी, दहा वेळा रात्री. मग पाय सरळ ठेवून वीतभर वर उचलून धरायचा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. मावशींना अर्ध्या मिनिटात सहादा जमलं. डॉक्टरांनी केसपेपरवर '6' लिहून त्याभोवती गोल केला.

हा व्यायाम म्हणजे औषधाच्या जोडीला सांगायची किरकोळ बाब नाही. जगातले बहुतेक सगळे तज्ज्ञगट गुडघ्याच्या या आजारात व्यायाम, वजन आणि आजाराची नीट माहिती या तिघांना पहिली जागा देतात, गोळ्या त्यानंतर येतात. डेन्मार्कमध्ये 2013 पासून यासाठी एक कार्यक्रम चालतो. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गटानं व्यायाम, आणि त्याआधी आजार समजावून सांगणारे वर्ग. आपल्याकडे गट बनवायला नवं काही उभारावं लागत नाही. भजनी मंडळ आहे, बचत गट आहे. ज्या बायका महिन्याचे पैसे मोजायला एकत्र बसतात त्यांनी अर्धा तास पाय उचलले तर गावाच्या गुडघ्यांचं रूप बदलेल, असा माझा विश्वास आहे.

वजनाचं गणित डॉक्टर बाजाराच्या भाषेत सांगतात. अंगावरचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासात पाच किलोंच्या आसपास वजन घटवलेल्या बायकांमध्ये पुढं हा आजार होण्याची शक्यता निम्म्यानं कमी झालेली दिसली. चरबी नुसता भार टाकत नाही, ती शरीरात दाह वाढवणारी रसायनंही सोडते. म्हणूनच जाड माणसांच्या हाताच्या बोटांतही हा आजार जास्त आढळतो, आणि बोटांवर तर कुणी चालत नाही. पण इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. रानात राबणाऱ्या पुष्कळ बायका मुळात काटक आहेत. पंचेचाळीस किलोच्या बाईला 'वजन कमी करा' सांगणं म्हणजे तिच्याकडे न बघता बोलणं. तिला शेंगदाणे, मटकी, डाळ, दूध, चालत असेल तर अंडं, आणि मांडीत बळ हवं आहे.

गोळ्यांबद्दल आता सावधपणे बोललं पाहिजे. वेदनाशामक गोळी हा या भागातला सर्वात सोपा आणि सर्वात धोक्याचा उपाय आहे. मेडिकलमधून सुटी गोळी आणायची, रानात जायच्या आधी एक, झोपताना एक. दोन-दोन वर्षं असं चालतं. या गोळ्यांनी जठरात व्रण पडतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. ज्याला आधीच रक्तदाबाची आणि लघवी साफ करायची गोळी चालू आहे त्याच्या मूत्रपिंडावर तर तिन्हींचा मिळून घाला पडतो. म्हणून ती गोळ्यांची पिशवी उघडून बघणं एवढं महत्त्वाचं. डॉक्टरांनी मावशींना आधी चोळायचं मलम दिलं. तेच डायक्लोफिनॅक, पण कातडीवाटे. रक्तात फार थोडं उतरतं, आणि गुडघा कातडीच्या जवळ असल्यानं काम करतं. मात्र दोन-चार दिवसांत टाकून द्यायचं नाही, दिवसातून तीन-चारदा दोन-तीन आठवडे लावायचं. पोटातून गोळी लागलीच तर ज्या दिवशी जास्त दुखेल त्या दिवसापुरती, जेवणावर, जठराच्या संरक्षक गोळीबरोबर.

घरगुती उपायांची डॉक्टर टिंगल करत नाहीत. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचं पान, तिळाचं गरम तेल यानं आखडलेला सांधा सैल पडतो, बरं वाटतं, आणि कुणाचं काही बिघडत नाही. चरकसंहितेत संधिगत वाताचं वर्णन आहे: हाताला वाऱ्यानं भरलेल्या पखालीसारखी लागणारी सूज, आणि पाय पसरताना-आवळताना होणारी वेदना. ज्यानं हे लिहिलं त्यानं गुडघ्यावर हात ठेवून पाहिलं होतं, यात मला शंका नाही. सांगलीत बसून हळदीबद्दल बोललं नाही तर चालणारच नाही. इथल्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. थायलंडमध्ये 367 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीचा अर्क चार आठवडे आयबुप्रोफेनच्या बरोबरीनं उतरला. पण तो अर्क होता, दिवसाला दीड ग्रॅम. मसाल्याच्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन तीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि तेही शरीरात नीट शोषलं जात नाही. तेव्हा दूध-हळद खुशाल घ्या, पण तिच्या भरवशावर मांडीचा व्यायाम सोडू नका.

भीती आहे ती पुड्यांची. जत्रेत, बाजारात, कधी घरपोच येणाऱ्या 'जडीबुटी'च्या पुड्या. तीन दिवसांत दुखणं गायब होतं, कारण त्यातल्या कितीतरी पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. मग चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. माझ्या नात्यातल्या एका काकूंना मी या वाटेनं जाताना पाहिलं. गुडघ्यांनी त्यांना काही केलं नव्हतं, जे केलं ते पुड्यांनी.

गुडघ्यात घेण्याच्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनची गोष्ट वेगळी. सुजलेल्या गुडघ्याला ते काही आठवड्यांचा आराम देतं. पण 2017 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षं हे इंजेक्शन घेणाऱ्यांची कूर्चा नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त घटली आणि दुखण्यात फरक पडला नाही. तेव्हा अडीनडीला एखादं, सवय म्हणून नाही. ग्लुकोसामीनच्या महागड्या गोळ्यांची 2006 साली अमेरिकेत मोठी चाचणी झाली. सगळ्या रुग्णांचा मिळून हिशेब केला तर त्या साध्या बनावट गोळीहून सरस ठरल्या नाहीत. दुर्बिणीनं गुडघा 'साफ' करण्याच्या शस्त्रक्रियेचंही तेच. 2002 साली ह्यूस्टनमध्ये काही रुग्णांना फक्त चिरा देऊन टाके घातले, आत काहीच केलं नाही, आणि दोन वर्षांनी सगळे गट सारखेच होते. शेतकऱ्याच्या घरातून अशा गोष्टींवर पैसा जातो तेव्हा मला फार वाईट वाटतं.

खऱ्या शस्त्रक्रियेची वेळ काहींवर येते, आणि त्या बाबतीत हा भाग नशीबवान आहे. मिरजेला विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी 1894 साली रुग्णालय उघडलं, आणि तेव्हापासून कर्नाटकातूनही रेल्वेनं माणसं उपचाराला मिरजेत उतरतात. 1962 साली तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या अस्थिशल्यचिकित्सकानं मिरजेतच राहून अस्थिरोगशास्त्राचा जाडजूड ग्रंथ संपादित केला, जो देशभरचे विद्यार्थी वाचतात. कृत्रिम सांध्याची किंमत केंद्रानं ऑगस्ट 2017 मध्ये बांधून दिली. सर्वाधिक वापरात असलेल्या सांध्याला तेव्हा 54,720 रुपयांची कमाल मर्यादा घातली, कर वेगळा. बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ऐंशी पंचवीस वर्षं टिकतात, असं परदेशातल्या नोंदी सांगतात. मात्र शस्त्रक्रियेनंतरही पाचातल्या एकाला काही ना काही दुखणं राहतं, आणि जमिनीवर मांडी घालणं बहुतेकांचं सुटतं. रात्रीची झोप मोडते, घरातल्या घरात फिरणं अवघड होतं, आणि मन लावून व्यायाम करूनही हे बदलत नाही, तेव्हा मिरजेची वाट धरावी. डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेला योग्य ठरलेल्या शंभर रुग्णांवर अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना आधी फक्त व्यायाम, आहार आणि औषधं दिली. वर्षभरात त्यांच्यातल्या चौघांपैकी तिघांना शस्त्रक्रिया लागली नाही.

मावशींच्या चिठ्ठीवर औषधांखाली आणखी काही होतं. भांगलायला बसताना लाकडी पाट घ्यायचा, म्हणजे गुडघा पुरा दुमडत नाही. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल. संडासात कमोडची खुर्ची, यावर त्या लाजल्या आणि सुनेकडं बघू लागल्या. काठी उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात. हे पुष्कळांना उलटं वाटतं, पण चालताना दुखऱ्या पायावर भार येतो त्याच वेळी विरुद्ध हात पुढं असतो, आणि काठी तो भार वाटून घेते. मग मावशींनी मनातलं काढलं. "सरकारनं एसटी अर्ध्या तिकिटात केली, पर पयल्या पायरीवर पाय चढंना." मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीच प्रवास मोफत झाला. सवलत दारात उभी आहे आणि पायरी गुडघ्याएवढी उंच. डॉक्टर उठले, दवाखान्याच्या उंबऱ्याशी गेले आणि करून दाखवू लागले: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

मी दुसऱ्यांदा गेलो तो सहा आठवड्यांनंतरचा बाजार होता. ज्येष्ठ सरत आला होता. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढं जाते, आणि त्या दिवसांत रस्त्याकडेच्या वैद्यकीय मंडपांत सगळ्यात मोठी रांग गुडघ्यांचीच असते. मावशी आल्या. डाव्या हातात काठी. डॉक्टरांनी घड्याळ लावलं आणि त्या खुर्चीवरून उठू-बसू लागल्या. नऊ झाले. जुन्या गोलाशेजारी '9' लिहिला गेला.

"दुखायचं थांबलं?"

"न्हाई वो. दुखतंय. पर गोळी आठवड्यात दोनदाच खाल्ली." मग जरा थांबून, "औंदा न्हाई, पर फुडल्या वर्साला वारीला जाऊ का? लोणंदपास्नं फलटणपतोर तरी?"

"मरीआईच्या देवळापर्यंत जाता का आता?"

"निम्म्या वाटंला बसतीया."

"मग आषाढात देवळापर्यंत. दिवाळीला कॅनॉलपर्यंत. चैत्रात या, मग लोणंदचं बोलू."

त्यांनी एक्स-रेचं पाकीट या खेपेला आणलं नव्हतं. बाहेर कऱ्हाडची गाडी लागली होती, सून पिशवी घेऊन पुढं पळाली, आणि मावशी तिला मागून ओरडल्या, "अगं थांबीव तिला, मी येतीया."